हाताचा गुण

माझ्या डाव्या कोपराच्या घडीत, जिथे डॉक्टर रक्तदाब मोजताना यंत्राची थंड चकती टेकवतात, तिथे बोट दाबलं की मला अजून राग येतो. दुखत काही नाही. दुखणं केव्हाच संपलं. राग मात्र ताजा आहे. माझ्या वयाच्या बायका म्हणतात, आता देवाचं नाव घ्यावं, जुनं उगाळत बसू नये. त्यांनी खुशाल घ्यावं. त्यांची बोटं सरळ आहेत.

माझी नाहीत. डाव्या हाताची चारही बोटं तळव्याकडे वळून बसली आहेत, मनगट आत मुडपलेलं आहे आणि कोपराखालचा हात वाळक्या काठीसारखा बारीक राहिला आहे. वरचं सगळं धडधाकट. खांदा, काख, दंड, दोन्हीकडे सारखं. बेटकुळी काढली तर डावीही उजवीइतकीच फुगते. म्हणजे देवाने हात पुरता दिला होता. कोपराखाली तो एका माणसाने घालवला, आणि त्या माणसाचं घर, गाव, तोंड मला माहीत होतं.

शरीराचा हा तुकडा मला पाढ्यासारखा पाठ आहे. काखेतून रक्ताची मोठी नळी निघते, दंडाच्या आतल्या अंगाने बेटकुळीच्या कडेकडेने खाली उतरते आणि कोपराच्या घडीत अगदी कातडीजवळ येते. तिच्या शेजारून एक मज्जातंतू जातो. दुसरा कोपराच्या मागून, आतल्या हाडाच्या खोबणीतून निघतो. कोपर चौकटीला आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात त्या त्याच्यामुळे. दंडाचं हाड वर गोल असतं, पण कोपराजवळ चपटं आणि पातळ होतं. लहान मूल हात टेकून पडलं की बहुतेक वेळा तिथेच मोडतं. हे सगळं मी पुढे लोणारच्या शाळेत तक्ता लटकवून कितीतरी वर्षं शिकवलं. तक्त्यावरचा माणूस कातडी सोललेला होता, पोरं त्याला पाहून खिदळायची. मी छडी त्याच्या कोपरावर टेकवून वर्गाकडे पाहिलं की खिदळणं बंद व्हायचं.

मी पडले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि मी तिसरीत होते. सुलतानपूरला आमचं भाजीपाल्याचं रान होतं. वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. खळ्याशेजारी कडब्याची गंजी रचलेली असायची आणि तिच्यावरून घसरत खाली येणं हा आम्हा पोरींचा उद्योग. एकदा पायाखालची पेंढी निसटली आणि मी डावा हात पुढे करून जमिनीवर आले. कोपर जागा सोडून मागे सरकलेलं दिसत होतं. ते पाहून मी रडायचंच विसरले. खळ्यातलं कोणीतरी म्हणालं, "बुवाले आना." दुसऱ्या कोणाला आणायचा प्रश्नच नव्हता. दवाखाना दूर होता, आणि मोडका हात दवाखान्यात नेला की ते कापूनच टाकतात, अशी लोकांची खात्री होती.

बुवा म्हणजे पलीकडच्या गावचा एक शेतकरी, हाडं बसवणारा. लोक त्याला अहो-जाहो करायचे. मी करत नाही. आसपासच्या गावांत कोणाचा खांदा निखळला, मनगट मुरगळलं, बैलाने कोणाला आपटलं, की त्याच्यासाठी गाडी जुंपली जायची. आणि तो काही घ्यायचा नाही. पैसा नाही, धान्य नाही, नारळसुद्धा नाही. विद्या देताना गुरूने अट घातली होती म्हणे, ज्याचं हाड बसवलं त्याच्या हातचं अन्नपाणी जन्मभर वर्ज्य. चुकून जरी घेतलं तरी हाताचा गुण गेला. म्हणून रोग्याच्या घरी तो पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि परगावात कोणी चहा दिला तर आधी विचारायचा, "या घरातल्या कोनाचं हाड त नाही बसवलं म्या?"

लोकांना त्याचं केवढं कौतुक. मला मात्र यातली मेख मोठेपणी कळली. पैसे घेऊन कोणी हात बिघडवला तर त्याच्या दारात जाऊन चार शिव्या देता येतात. फुकट बिघडवला तर वरून हात जोडावे लागतात. जो काही घेत नाही त्याला जाब कोण विचारणार?

तो आला, माझ्याजवळ मांडी घालून बसला, माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "तो पाह्य पोरी, तुमचा बैल मिरच्यात घुसला." मी मान वळवली आणि त्याने हात ओढला. मिरच्यांत बैल नव्हता. मग त्याने उडदाचं पीठ अंड्यात कालवून माझ्या कोपराभोवती थापलं, वरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, त्यावर बांबूच्या कामट्या लावल्या आणि सगळं सुतळीने आवळलं. गाठ मारताना त्याने कामटीवर गुडघा टेकवला होता. उडदाचं पीठ वाळलं की दगडासारखं होतं. आत हात सुजत होता आणि बाहेर पीठ आवळत होतं.

जाताना त्याने आईला बजावलं, "अमावश्या होयेपर्यंत गाठीले हात लावू नोको. सोडली तं हाड वाकडं जुळीन. मंग मले बोल लावू नोको."

दुसऱ्या दिवशी माझी बोटं पिकल्या जांभळासारखी झाली. वेदना कशी होती ते मी लिहिणार नाही, लिहून ती कोणाला कळायची नाही. मी फक्त एकच म्हणत होते, "माय, सैल कर ना." आई म्हणायची, "बुवानं नाही म्हनलं ना बाई." दुपारी ती उन्हात पायी त्याच्या गावी गेली. बोटं काळी पडून राह्यली म्हणून तिने त्याला सांगितलं. तो बैलांना वैरण टाकत होता. येऊन पाहायची तसदी त्याने घेतली नाही. "सूज हाये, उतरते," म्हणाला. "माय हायेस म्हनून घाबरून राह्यली तू." आई तशीच परत आली आणि माझ्या उशाशी बसली. तिने स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. पुढे माझं दुखणं आपोआप थांबलं, बोटांना काही कळेनासंच झालं, आणि घरातल्यांना वाटलं, गुण आला.

अमावस्या झाल्यावर त्याने येऊन सुतळी कापली. चिंध्यांना वास येत होता. कोपराखाली कातडी काळवंडून सुटली होती आणि बोटं वळली होती. त्याने माझं एक बोट सरळ करून पाहिलं. सोडलं, तर ते पुन्हा मिटलं. अंगणात निम्मी गल्ली जमलेली. तो उठला, हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मायनं मधात गाठ सैल केली. आता तिले कोनी बोलू नोका. मायचं काळीज नरमच असते." आणि निघून गेला. काखा वर करणारे पुष्कळ पाहिले, पण काखा वर करता करता समोरच्यावर उपकार ठेवून जाणारा हा एकच.

गाठ कोणी सोडली नव्हती. मला माहीत होतं, ती माझ्याच हातावर होती. पण तिसरीतल्या पोरीला कोण विचारतं? गावात तेच खरं झालं. बायका आईला म्हणायच्या, जाऊ दे माय, लेकराचं रडनं कोनाले पाहावते. त्या चांगल्या मनाने म्हणायच्या. माझे वडील चांगल्या मनाने म्हणत नसत. मला भाकरी थापता आली नाही, मला रहाटाची दोरी ओढता आली नाही, माझ्यासाठी आलेलं स्थळ हात पाहून परत गेलं, की ते आईकडे वळून म्हणायचे, "तुह्यानं चार दिवस दम नाही निघाला." आई खाली मान घालून कामाला लागायची. मी दातओठ खायची. एकदा मी तिला विचारलं, "तू गाठ नव्हती सोडली. काऊन नाही सांगत?" ती म्हणाली, "जाऊ दे ना बाई." मला वाटलं, गरीब गाय आहे, हिच्या वतीने कोणीतरी शिंग उगारायला हवं. ते काम मी माझ्याकडे घेतलं.

त्या रागाला शास्त्राचा आधार मिळाला तो बुलढाण्यात. शिक्षिकेच्या नोकरीसाठी डॉक्टरचा दाखला लागायचा. तिथल्या डॉक्टरांनी माझा हात उलटसुलट केला, कोपर वाकवलं, बोटं ताणून पाहिली, आणि हाताला काय झालं म्हणून न विचारता थेट विचारलं, "पट्टी किती घट्ट होती?" मग त्यांनी पेनाने माझ्या कातडीवर रेघ ओढली, काखेपासून दंडाच्या आतून कोपराच्या घडीपर्यंत. तिथे फुली मारली. म्हणाले, "हाड इथं मोडलं. रक्ताची नळी अशी त्याच्या पुढून जाते. आतून सूज, बाहेरून आवळलेली पट्टी. रक्त खाली गेलंच नाही. कोपराखालचे स्नायू मेले आणि आखडले." मी विचारलं, त्याच दिवशी पट्टी सोडली असती तर? ते म्हणाले, "तर तुम्ही आज इथं दोन्ही हातांनी नमस्कार केला असता." मग त्यांनी दाखल्यावर सही केली, कारण खडू उजव्या हातात धरतात.

परत येताना एसटीत मी ती शाईची रेघ पुसली नाही. म्हणजे पट्टी न सोडल्याने माझा हात गेला होता, आणि त्या माणसाने पट्टी सोडल्याचा आळ माझ्या आईवर टाकला होता. चोर तो चोर आणि वर शिरजोर. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्याने त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर उभं राहून म्हणावं, हिच्या आईचा दोष नव्हता, माझा होता. तेही आई जिवंत असताना.

पुढे माझं लग्न झालं, नवराही शिक्षकच, आणि आम्ही लोणारला राहू लागलो. बुवाची कीर्ती तिकडेही होतीच. माझ्यासमोर कोणी त्याची तारीफ केली की मी भाजी चिरत असले तर विळीवर जरा जोर पडायचा. मनात मी त्याचं काय काय केलं ते तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर मला शाळेतून काढलं असतं. त्याच्या दोन्ही हातांना उडदाचं पीठ थापून त्याला चैत्राच्या उन्हात बसवणं हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

आणि चैत्रातच तो माझ्या दारात आला.

आमच्या शेजारचा माणूस छपरावर पत्रे ठोकताना पडला आणि त्याचा खांदा निखळला. लोकांनी बुवाला आणलं. मी शेजारणीच्या दारात उभी राहून पाहत होते. म्हातारा झाला होता, पाठीला पोक आला होता. त्याने त्या माणसाला जमिनीवर उताणं निजवलं, आपण त्याच्या बाजूला बसला, टाच त्याच्या काखेत रोवली आणि मनगट धरून हात हळूहळू ओढत राहिला. एकीकडे त्याला त्याच्या मुलांची नावं विचारत होता. आतून धप्प आवाज आला आणि खांदा गोल झाला. काम नीट झालं, हे मला मान्य करावं लागतं. त्यामुळे माझा राग कमी झाला असं कोणी समजू नये. ज्याला इतकं येतं त्याला एका पोरीची जांभळी बोटं पाहायला यायला काय धाड भरली होती?

दुपार तापली होती. रोग्याच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून शेजारणीने त्याला आमच्याकडे पाठवलं. तो ओसरीवर टेकला. मी डावा हात पदराखाली घेतला. त्याने ठरलेला प्रश्न केलाच, "बाई, या घरातल्या कोनाचं हाड त नाही बसवलं म्या?"

मी म्हणाले, "या घरात आजवर कोणाचं हाड मोडलंच नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. माझं हाड बापाच्या घरी मोडलं होतं.

मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याने ते घटाघटा प्यायलं. मग चहा केला, साखर सढळ हाताने घातली, आणि कपबशी आणून दिली. बशीत ओतून तो भुरके मारू लागला. अर्धी बशी संपल्यावर मी त्याच्यासमोर बसले, पदर बाजूला केला आणि डावा हात त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. कोपराकडे पाहिलं. मग म्हणाला, "सुलतानपूर. गंजीवरून पडली व्हती."

म्हणजे तो विसरला नव्हता. इतक्या वर्षांत एक दिवस विसरला नव्हता. त्याच्या हातातली बशी कलंडली आणि चहा धोतरावर सांडला. तो उठून अंगणात गेला आणि घशात बोटं घालून ओकायचा प्रयत्न करू लागला. मी ओसरीवरून म्हणाले, "पाणी तं केव्हाच जिरलं बुवा." मला आनंद झाला. मनापासून झाला, आणि तो सांगायला मला लाज वाटत नाही. त्याने माझा हात घेतला होता, मी त्याचा घेतला.

गोष्ट लपून राहायची नव्हती, आणि मी ती राहूही दिली नाही. शेजारणीला मीच सांगितलं. बाजाराच्या दिवशी ती गोष्ट गावोगाव गेली. बुवाचा गुण गेला. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, चहाने विद्या बाटत नाही हे मला कळत होतं. पण माझ्या मानण्याने काय होतं? लोक मानत होते आणि तो स्वतः मानत होता. पुढच्या रोग्याचा हात धरला तेव्हा त्याचेच हात असे थरथरले म्हणे, की तो उठून घरी गेला. त्यानंतर त्याने कोणाला हात लावला नाही.

गावातले लोक माझ्याकडे यायला लागले. कोणी समजावलं, कोणी रागावलं. नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याचा जीव घेतेस का?" मी म्हणाले, "जीव कशाला? तो राहू दे त्याच्याकडे." सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, माझा तर सुंभही शाबूत होता. मोडकी पोरं घेऊन लोक त्याच्या दारातून परत जातात, असं कोणी म्हटलं तर मी सांगायची, दवाखान्यात न्या, हात तरी शाबूत राहतील.

शेवटी त्याची सून आली. ओसरीवर बसून रडली. सासरे दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतात, जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत म्हणाली. मग मुद्द्यावर आली. "गुरूनं तोड सांगून ठेवली हाये बाई. ज्याच्या हातचं घेतलं त्यानं त्यायच्या हातचं घोटभर पानी प्यायलं, तं फिटते. तुमी घोटभर प्या. आमी तांब्या घेऊन येतो."

मी अट घातली. सुलतानपूरला, माझ्या आईच्या अंगणात यायचं. लोकांसमोर सांगायचं की पट्टी मी घट्ट बांधली, आणि हिच्या आईने गाठ सोडली नव्हती. खरं बोलला की तिथल्या तिथे पाणी पिते. निरोप आला, येतो म्हणून. आईला मी काही विचारलं नाही. हे सगळं तिच्याचसाठी तर चाललं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी मी माहेरी गेले आणि घरोघर जाऊन माणसं बोलावली. वडील तोवर वारले होते. ते असायला हवे होते, याची मला हळहळ वाटली. त्या वेळी अंगणात असलेल्यांपैकी पुष्कळजण अजून होते. आई माणसं पाहून चहाच्या पाण्याला उठली, तिला मी हाताला धरून ओट्यावर बसवलं. म्हटलं, आज तू फक्त ऐक.

तो एसटीने आला, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. सुनेच्या पिशवीत पितळी तांब्या होता. मी बस म्हटलं नाही, तोही बसला नाही. अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "सगळे ऐका. या पोरीचा हात माह्या पट्टीनं गेला. म्या लय घट्ट बांधली व्हती. मायनं गाठ सोडली म्हनलो, ते खोटं बोललो. तिनं गाठीले बोट बी नाही लावलं. म्या सांगतलं तसं अमावश्या होयेपर्यंत जसंच्या तसं ठेवलं."

यातला एकेक शब्द मला हवा होता तसाच होता. मी आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस कसा दिसतो ते मला पाहायचं होतं.

आई पांढरी पडली होती.

मग पलीकडच्या घरातली म्हातारी, जिने आईला आयुष्यभर धीर दिला होता, ती हळूच म्हणाली, "अवं बाई. पोरगी तं कशी वरडे तवा, आमच्या घरापर्यंत ऐकू ये. अन् तुनं ठेवलं तसंच?"

तिने वाईट मनाने विचारलं नव्हतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. सगळ्यांची तोंडं आईकडे वळली.

"सोडली व्हती," आई म्हणाली.

मी म्हणाले, "माय, तू नाही सोडली."

"म्या सोडली व्हती. बुवा म्हातारे झाले, इसरले. तू लहान व्हती, तुले काय माईत? तू निजली व्हती तवा म्या गाठ सैल केली. राह्यलं नाही मले." ती हे मला सांगत नव्हती. म्हातारीला सांगत होती, अंगणाला सांगत होती.

मी पुन्हा तोंड उघडणार होते. डॉक्टरांची रेघ, फुली, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण बुवा तिच्याकडे पाहत होता. हाड ओढताना माणसाच्या तोंडाकडे पाहायची त्याची जुनी सवय. जे मला कळलं नव्हतं ते त्याला तेवढ्यात कळलं.

"हाव माय," तो म्हणाला. "सोडली व्हती तुनं. म्याच इसरलो. म्हातारपन हाये."

मग त्याने सुनेला हाताने खूण केली. तिने बाहेर काढलेला तांब्या परत पिशवीत ठेवला. माझी अट त्याने स्वतःच्या तोंडाने मोडली होती आणि ते त्याला माहीत होतं. माझ्याकडे न पाहता तो सुनेच्या आधाराने रस्त्याकडे चालू लागला. लोक पांगले. म्हातारी आईजवळ येऊन म्हणाली, "मायच व्हय ना तू. कशी नाही सोडशीन?" आणि आईने पदर तोंडाला लावला.

मला त्या माणसाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. हात घेतला तेव्हाही नाही. आईला वाचवायला मी निघाले होते. माझ्यामुळे ती उघडी पडली आणि तिच्यावर पांघरूण कोणी घालावं, तर त्याने. तेही त्याने फुकट घातलं. पुन्हा त्याला जाब विचारायची सोय नाही.

दुपारी आई चुलीपाशी बसली होती. मी विचारलं, "काऊन असं केलं?"

ती चुलीत फुंकर मारत राहिली. मग म्हणाली, "सोडली म्हनलं की लोक म्हनत, मायचा जीव, राह्यलं नसीन. तुहा बाप बोले तं बोले. मले चाले ते. नाही सोडली म्हनलं तं काय राह्यते माह्यापाशी?" लाकूड आत सारून तिने विचारलं, "तू कशी वरडत व्हती, आठवते तुले?"

मी म्हणाले, "नाही."

बुवाने पुन्हा हाड बसवलं नाही. लोक माझ्याकडे आणखी दोनचारदा येऊन गेले, त्याची सूनही आली. मी त्याच्या हातचं पाणी प्यायले नाही. तो वारला तेव्हा लोणारहून पुष्कळ माणसं गेली, शेजारचा तो खांदेवालाही गेला. मी शाळेत गेले. मी त्याला माफ केलेलं नाही आणि मला त्याची घाई नाही.

आई मात्र त्यानंतर बोलायला लागली. आधी कधी त्या दिवसांचा विषय न काढणारी बाई, आलेल्या-गेलेल्याला आपणहून सांगायची. पोरगी रडून रडून थकली व्हती, म्या गाठ हळूच सैल केली, तशी तिनं डोये मिटले अन् निजली. दर खेपेला त्यात काही नवं यायचं. कधी ती माझ्या बोटांवर फुंकर घालायची, कधी कामटी काढून पुन्हा लावायची. मी शेजारी बसलेली असायची, डावा हात पदराखाली. ऐकणारा मग माझ्याकडे वळायचा, आणि आईही वळायची. मी म्हणायची, "हाव. मले आठवते."